चोवीस ते सत्तर

कोल्हापूरहून आली ती, रात्रीच्या गाडीने,
ड्रायव्हरच्या सीटमागे, बबल रॅपच्या गोधडीत.
दोन दिवसांचं भाडं बावीसशे, अनामत वेगळी.
घ्यायची की नाही, ते परवापर्यंत ठरवायचं.

पहिली परीक्षा मागच्या गडग्याची.
शहरात विटांची भिंत काढून बघतात म्हणे,
आमच्याकडे जांभा.
जांभ्याला भोकं, भोकांत मुंग्या;
कोपऱ्यातली भोकं वितळली की लेन्स नापास.
दोन पॉइंट आठवर, सत्तरला, डावा खालचा कोपरा
जरा मऊ, भिजत घातलेल्या पोह्यांसारखा.
चारवर आवळला गेला.
पाच पॉइंट सहाला मुंगीची मिशी दिसली.

माझी जुनी तांदळाच्या डब्यात झोपते,
तरी तिच्या पोटात बुरशीने जाळं विणलंय,
चार पावसाळ्यांचं.
दापोली तालुक्यातल्या किती नवऱ्या
तिने धुक्यात उभ्या केल्या.
नवऱ्या खूश होत्या, ते सोडा.

पाच वाजून गेल्यावर हर्णै. लिलाव.
बैलगाड्या चाकं बुडेतो पाण्यात,
वाळूवर कोळंबीच्या राशी,
आणि सूर्य सुवर्णदुर्गाच्या तटावर टेकलेला,
सरळ भिंगात.
मुद्दाम बघू दिलं तिला.
एक हिरवा ठिपका उठला पाण्यावर,
मनगट जरा वळवलं तर विझला.
मग व्हिडिओ:
दोरीवरून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून होडीवर फोकस.
जुनी अशा वेळी श्वास घेते,
चौकट फुगते, आखडते, दम लागल्यासारखी.
ही श्वास रोखून.
झूमची कडी पाकात फिरल्यासारखी फिरली तीनदा,
चौथ्यांदा वाळूचा एक कण करकरला
आणि माझ्या पोटात अनामत.

"काय रं ह्ये?"
चांगुणा पावसे. लिलाव पुकारता पुकारता
मध्येच थांबलेली.
हात धुतला नाही, नुसता पुढे केला.
मी दिली. का दिली कोण जाणे.
तळहातावर दोनदा झेलली तिने:
"किलोला येक बांगडा कमी."
कागदावर आठशे पंच्याऐंशी ग्रॅम.
मग उलटी धरून पुढच्या काचेत पाहिलं,
पापलेट घेताना बघतात तसं.
"डोला ताजा हाय. घे."

किंमत सांगितली.
खुळ्याने बोली चढवावी आणि आपण गप्प बसावं,
तशी बघत राहिली माझ्याकडे.
"येवड्यात माज्या पोराची होडी दिसल?"
नाही म्हटलं. लांबचं नाही हिचं काम,
फार बारीकसारीकही नाही.
समोर उभं राहून बोलावं, तेवढंच अंतर.
चोवीस ते सत्तर.
"मंग माज्यावानीच की.
चोविसाला पाटी घेतली डोक्यावर, औंदा सत्तर."
आणि हसली.

लेन्स परत बसवून दाबेपर्यंत हसू अर्धं उरलं होतं.
फोकस डोळ्यावर नाही लागला,
बुगडीवर लागला. मोती न् मोती सुटा,
त्यामागे ती थोडी विरघळलेली.
परीक्षेच्या हिशेबात ही फ्रेम बाद.
पुसली नाही.

रात्री मलमलीने खार काढला,
कडीतला कण फुंकून फुंकून घालवला,
सकाळी गोधडी गुंडाळली.
फॉर्मवर लिहिलं: सत्तरला कोपरा मऊ.
वजन जास्त, लग्नात मनगट भरून येईल.
घेणार का, या रकान्यात: सीझन झाल्यावर.
कुठला सीझन ते लिहिलं नाही.

गाडी सुटल्यावर आठवलं,
हूडच्या आतल्या बाजूला
सुरमईचा एक खवला चिकटलेला होता.
बघितला होता मी.
राहिला.