फडीवरची दोरी

बुधवारच्या बाजारात, सुकटवाल्या बायांच्या पलीकडे,
डोमाजी उईके दोऱ्यांची वेटोळी मांडून बसतो
आणि गिऱ्हाइकाला आधी भाव सांगत नाही.
विचारतो, "बांधाचं काय हाये?"

ताडपत्री, मी म्हणाले. पंधरा बाय अठरा, निळी.
तेंदूच्या फडीवर, नदीपल्याड, पंधरा दिवस.

"झाड कोनतं? मोह का ऐन?"

हे मला ठाऊक नव्हतं.
पुड्यांचा हिशेब माझ्याकडे, झाडांचा नाही.

मागच्या साली पिवळी घेतली होती,
प्लास्टिकची, चकचकीत, वजनाला काहीच नाही.
आठ दिवसांच्या उन्हात तिची साल सुटली,
तळहातात कुसं भरली,
आणि नवव्या रात्री वावधन आलं तेव्हा
एकेक गाठ आपसूक उकलत गेली,
झोपेत मूठ सुटावी तशी.
सत्तर-सत्तर पानांचे पुडे, सकाळी काळे.
सायत्रा कुमरे काही बोलली नाही.
नुसती पानं उलटत राहिली.

म्हणून यंदा म्हटलं, जाड दे. सगळ्यात जाड.
ट्रकवाले नेतात ती.

डोमाजीनं ताडपत्रीचा कोपरा मागितला,
कडीत करंगळी घातली, हिसडा दिला.
"जोर दोरीत नाही राहात, बाई. जोर इथं येते.
दोरी हटून बसली
तं वारा हा डोळा फाडून नेते.
दोरी तुटली तं बारा रुपये.
डोळा फाटला तं काय लावशीन?"

सुतळी त्यानंच बाजूला सारली:
भिजली की आखडते, खुट्या उपटते.
नायलॉन उलटं, भिजलं की ढिलं पडते,
"राती उठून ताना लागते. उठशीन?"
उठेन, म्हणाले.

मग पेन्सिलीहून बारीक, विणीची, मळकट पांढरी,
हातानं मोजून दिली, प्रत्येक हाताला एक वीत जास्त.
एका काडीत आधी त्याची बिडी पेटली,
मग माझ्या दोरीची टोकं,
थुंकी लावून चिमटीत दाबलेली.
बिडीचं पान कोणत्या फडीचं, कोण जाणे.
वर सायकलच्या ट्यूबच्या चकत्या, फुकट:
"कडी न् दोरीच्या मधात घाल.
वाऱ्याले थोडं घेऊ दे. मंग वापस मांग."

झाड ऐनाचं निघालं.

अकराव्या रात्री वारा आला.
मी उठले, दोनदा,
अंधारात एकेक दोरी बोटानं छेडत गेले,
ढिली कुठे, ताठ कुठे,
आणि सायत्रा पलीकडच्या बाजूनं तेच करत येत होती.
मधल्या खुटीपाशी हात हाताला लागला.
"हे पिवळी नोहे ना?" तिनं विचारलं.

उजाडल्यावर मोजलं.
डोळे बावीस. एक दोरी तुटलेली,
ऐनाच्या बुंध्याला तिचं अर्धं टोक
अजून घट्ट.