सरासरी

शनिवारी रात्री शर्यती संपल्या की वडील
बूट न काढता थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे.
भुवयांवर ट्रॅकची लाल भुकटी,
कोटाला जळलेल्या मिथेनॉलचा गोडसर वास.
आई म्हणायची, "आधी हात धू, एर्नी. मग भागाकार."

स्कार्थवेल, आमचा ट्रॅक: एक फेरी तीनशे ऐंशी यार्डांची.
चार फेऱ्यांचा विक्रम बहात्तर पूर्णांक चार सेकंद.
पेंडर ब्रो, डोंगरापलीकडचा: दोनशे चौऱ्याऐंशी यार्ड,
विक्रम नेमका छप्पन.
"छप्पन!" पर्सी क्लेग दर सोमवारी
गिरणीच्या फाटकात ओरडायचा,
जणू आमच्या बहात्तरात
सगळ्या गावाचा आळस मोजलेला होता.

म्हणून वडील भागायचे.
वेळेपुढे वेळ ठेवून काय कळणार?
आधी वाट किती ते विचार, मग घड्याळ बघ.
हातचे धरायचं काम माझं, मी दहा वर्षांची.
आमचे ताशी बेचाळीस पूर्णांक चौऱ्याण्णव मैल,
त्यांचे एक्केचाळीस पूर्णांक एकोणपन्नास.
वडिलांनी खाली दोन रेघा ओढल्या
आणि मग कुठे बुटांचे बंद सोडले.

पर्सी म्हणाला, "आमच्याकडे नुसती वळणंच.
ब्रेक नसलेली गाडी वळणावर आडवी घालून दाखवा.
सरळ रस्त्यावर काय, माझी सासूही पळेल."
यावर वडिलांकडे आकडा नव्हता.

मग लेन विदरॉल.
लेन कधी विक्रमाच्या पाटीवर चढला नाही.
बाकीचे आतल्या पांढऱ्या रेषेला चिकटून जायचे,
हा बाहेरून, कुंपणाच्या फळ्यांना घासत,
पहिल्या रांगेतल्या बायकांच्या चिप्समध्ये
माती उडवत.
त्याची सर्वोत्तम वेळ त्र्याहत्तर.

एका रात्री वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली.
"ऑड्री, ट्रॅक मोजतात कुठून?"
"आतून."
"आणि लेन जातो कुठून?"

आठ यार्ड बाहेरून. म्हणजे फेरीला पन्नास यार्ड जास्त,
चार फेऱ्यांत दोनशे, जे कुणी त्याला दिलेच नाहीत.
पुन्हा भागलं.
ताशी अठ्ठेचाळीस पूर्णांक एकोणीस.
आम्ही दोघं बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो.
सगळ्यात जोरात धावणारा माणूस
दर आठवड्याला तिसरा येत होता.

लेनला सांगितलं तेव्हा तो हसला, म्हणाला,
"आत फार गर्दी असते हो, मिस्टर थ्रॉसेल."

वडिलांच्या अंत्यविधीला पर्सी आला होता,
हातात टोपी, कानात यंत्र.
चहाचा कप बशीवर वाजवत म्हणाला,
"आता सांगायला हरकत नाही.
पेंडर ब्रोचा ट्रॅक टेपनं कधी मोजलाच नव्हता.
आमच्या माळ्यानं पावलांनी मोजला, एका रविवारी.
आणि तो लंगडायचा."

मी इतकी हसले की वहिनीनं मला बाहेर नेलं.

वही माझ्याकडे आहे. काही दुरुस्त केलेलं नाही.
सगळे आकडे पेन्सिलीतले, पुसट होत चाललेले,
एक तेवढा शाईतला, शेवटच्या पानावर:
लेनची साखळी तुटली ती रात्र.
तिघं केव्हाच पोचले होते.
पण शेवटपर्यंत पोचलं तर एक गुण मिळतो,
म्हणून तो उतरला आणि गाडी ढकलू लागला.
एक बूट सुटलेला, दिवे अर्धे मालवलेले,
लोक कोट चढवत होते, मग थांबले.
वडिलांनी घड्याळ बंद केलं नव्हतं.
चार मिनिटं अकरा सेकंद.
ताशी बारा पूर्णांक एकोणचाळीस मैल.

शेजारी, कंसात, त्यांच्या बारीक अक्षरात:
या वेळी आतून गेला.