जुना राहू दे

फिशगार्ड बंदर, रात्रीचे पावणेबारा.
धुक्यात बोट दिसत नाही,
नुसतं तिचं इंजिन
घसा खाकरल्यासारखं.

आज अपडेट.
एकशे बारा पॅकेजेस, त्यात एक नवा कर्नल.
मशीन विचारतं : पुढे जाऊ?
उत्तर एका अक्षराचं.

मार्चात मी न वाचताच हो म्हटलं होतं,
मावशीच्या फोनला म्हणतो तसं.
पहाटे स्क्रीनवर उरली
एकच रेघ, लुकलुकणारी.
गेटपाशी तीनशे माणसं, ट्रेलरमध्ये दोन घोडे,
आणि ग्विलिम तिकिटं हातानं लिहीत होता,
निळ्या बॉलपेननं,
माझ्याकडे एकदाही न बघता.
ते जास्त लागलं.

दुपारी खुर्ची ओढून म्हणाला,
"बूटचा कप्पा शिगोशीग भरलाय.
नवा अर्धाच मावला.
उरलेला कुठे बसणार, तुझ्या मांडीवर?"

तो आता घरी असतो, वाटाणे लावतो.
चिठ्ठी मात्र स्क्रीनखाली तशीच,
चहाच्या डागानं एक ओळ खाल्लेली :
शुक्रवारी नको. आधी जागा बघ.
काढायचाच तर सगळ्यांत जुना काढ,
आज चालतोय त्याला हात लावू नको.
पेनड्राइव्ह डाव्या खणात,
बिस्किटांखाली.

दुधानं पोळलेली मी.
जागा बघते. पुन्हा बघते.
मेनू आता दहा सेकंद थांबतो, पूर्वी थांबतच नसे.
पेनड्राइव्ह आहे.
बिस्किटं नाहीत, ती मीच संपवली.

हो.

ओळी धावतात, मग एकीपाशी अडतात :
नव्या कर्नलची शिदोरी बांधणं चाललंय,
दार उघडण्यापुरती,
डिस्क सापडेपर्यंतची.
इथे घाई केली, वीज गेली,
की तो उपाशीच निघणार आणि उंबऱ्यावर पडणार.
मी चार्जरची वायर धरून बसते,
जणू ती पळून जाईल.

रीस्टार्ट.
काळं.
अजून काळं.
मग मेनू : वर नवा,
खाली जुना, हजेरीला हात वर करून.
मी कशालाच हात लावत नाही.
दहा, नऊ, आठ…
घाबरले की मी अजून मराठीतच मोजते.

तीनला प्रिंटर खोकला.
पहिलं तिकीट आलं, चाचणीचं,
कोऱ्या नावाचं.

ग्विलिमला कळवलं : उठलं.
साडेबारालाही जागाच होता.
"जुना काढलास?"
नाही.
"बरं."

बरं म्हणजे त्याच्याकडून खूपच.
उद्या बिस्किटं आणायला हवीत,
आल्याची, त्याला आवडायची ती.