पाच गुणांचा प्रश्न

सहावी ब. जेवणानंतरचा तास.
सादळलेल्या खडूनं मी फळ्यावर कोठार काढलं,
मोहेंजोदडोचं: चौथऱ्यांच्या रांगा,
मधे हवा खेळायला फटी.
"हे धान्याचं कोठार," म्हणाले, आणि लगेच,
"असं आधी मानत. आता काहीजण म्हणतात, नसेलही.
दाणा काही सापडला नाही तिथं.
पुस्तकात हे नाही, लिहून घेऊ नका."
सगळ्यांनी लिहून घेतलं.

तोहिद जमादार उभा राहिला.
"बाई, कुणी वास घेऊन बघितला का?"
वर्ग खिदळला. तो नाही.

त्याचा आजा हरिपूरच्या पेवांत उतरायचा.
तोंड एवढंसं, माणूस जेमतेम मावेल,
आत हत्तीचं पोट.
झाकण काढून आधी नुसतं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा खाली.
कंदील विझला तर त्या दिवशी माणूस सोडायचा नाही.
"आत हळद असली की भिंत बोलते, आजा म्हणतो.
चार वर्षं रिकामी असली तरी."

मग मीही सांगून टाकलं:
हरियाणात एका जुन्या मडक्याला
हळदीचे कण चिकटलेले मिळालेत,
हडप्पाच्या काळातले.
पहिल्यांदाच पंखा ऐकू आला.
मागून सानिका खोत:
"क्विंटलला काय भाव असेल ओ तेव्हा?"

मुद्रा, वजनमापं, गटारं,
सगळं झालं त्या आठवड्यात.
वजनांपाशी दोघं भांडले,
की काटा मारत असतील का नसतील.
मला कुठं माहीत.

सहामाहीला प्रश्न होता, पाच गुणांचा:
हडप्पा संस्कृतीचा ऱ्हास का झाला?
अपेक्षित उत्तर: पूर, दुष्काळ, व्यापारातील घट.

निम्म्या वर्गानं पूर खोडला.
*पूर आला म्हणून कोण संपत नाही.
आम्ही मिरजेला मावशीकडं होतो, परत आलो.*
वर्गाच्या भिंतीवर, खिडकीच्या वर,
त्या पाण्याची रेघ अजून आहे;
रंग दिला तरी वर येते.

तोहिदनं चारच ओळी लिहिल्या.
*पाणी पेवात गेलं. पाणी निघालं.
पण व्यापारी म्हणाले, आता गोडाऊन बरं.
आजाला कुणी खाली ये म्हणालं नाही.
म्हणून संस्कृतीची रास झाली.*

रास.
ऱ्हास लिहायचा होता त्याला.
लाल पेनाचं टोपण काढून
मी त्या शब्दावर टेकवलं,
एक ठिपका उमटला तेवढाच.

साडेचार दिले.
अर्धा का कापला, हे त्यानं विचारलं
तर काय सांगायचं, ते ठरत नाही अजून.
खाली सानिकाचा पेपर.
तिनं समासात भाव काढून ठेवलाय.