शपथेवर

मामलेदार कचेरीतला पंखा एका अंगाला कलून फिरत होता.
शपथेसाठी हात पुढे केला
तेव्हा नखांतला काळा चिखल दिसला.
रिबंदरच्या फेरीवर दोनदा धुतले होते हात.
खाजन असं लगेच सोडत नाही माणसाला.

एस्पेरांस बायनं आधीच सांगून टाकलं होतं सगळं.
अष्टमीचा चंद्र बुडाल्यावर
यंत्र आलं मानशीजवळ, बांधाला तोंड लावलं,
तीन घास घेतले.
पहाटेची भरती आत शिरली,
पोटरीला आलेला कोरगुट उभ्याउभ्या खारला.
ती कोकणीत बोलली.
कारकुनानं इंग्रजीत टंकलं.
तीन घास कागदावर उतरलेच नाहीत.

पलीकडचा वकील म्हणाला, बाई वृद्ध आहेत,
डाव्या डोळ्यात फूल पडलंय,
आणि बांध काय, कुर्ल्यांच्या बिळांनीही फुटतो.
कुर्ल्यांचं नाव निघालं
आणि मी खाली बघितलं.

मी होतो तिथं.
मानशीची पावणी बोस्त्यावनं घेतलेली, पैसे मोजून,
आणि मी त्याच्या पाण्यात जाळं सोडून
विडी न पेटवता बसलेलो.
दिवाडीत हे कुणाला ठाऊक नव्हतं.
बायकोला होतं.
ती कालवण ढवळताना कधी विचारायची नाही
आज कुर्ल्या कुठून.

अकरा महिने गप्प राहिलो.
अकरा महिने ती तिंठ्यावर, फेरीच्या धक्क्यावर,
चर्चच्या फाटकाशी
तेच सांगत होती, शब्दही न बदलता.
लोक म्हणू लागले, म्हातारीनं पाठ केलंय.
मीही मान हलवली एकदा,
त्यांच्यात उभा राहून.

आज सकाळी जिन्यात आमचा वकील म्हणाला,
तिनं सांगितलं तेच सांग.
पिवळं यंत्र, बांधावर दोन माणसं.
अक्षर इकडचं तिकडं नको.

मी सांगितलं:
यंत्र पाहिलं. बांध खाताना पाहिलं. तीन घास.
दिवा मालवलेला होता, रंग दिसला नाही.
बांधावर माणूस एकच दिसला.
दुसरा असेल. मध्ये खारफुटी होती.

आमचा वकील उगाच कागद चाळू लागला.
एस्पेरांस बायनं अख्खी मान वळवली
आणि मला पाहिलं,
चांगल्या डोळ्यानं.

"आणि तुम्ही एवढ्या रात्री तिथं काय करत होता?"

बोस्त्याव मागच्या बाकावर, छत्री मांडीवर आडवी.
"चोरी," मी म्हणालो. "कुर्ल्यांची."
कुणीतरी हसलं.
कारकुनानं बोटं थांबवून विचारलं, किती?
"सात. एकीची नांगी तुटलेली."
त्यानं तेही लिहिलं.

परतताना फेरीत ती लोखंडी कठड्याला टेकून उभी.
मी दोन स्कूटर सोडून.
नदीच्या मध्यावर आल्यावर पाण्याकडे बघतच बोलली:
"दुसरा मुतायला बसला होता. तुझ्याच अंगाला.
त्याला तू दिसला नाहीस, ते तुझं नशीब."
मग थोड्या वेळानं,
"रंग मी विजेरी मारून पाहिला. एकदाच.
म्हणून तर त्यांना कळलं, कोणीतरी बघतंय."

विजेरी.
तो उजेड मला आठवला, पाण्यावरून सरकत आलेला.
बोस्त्याव आला समजून
मी तोंड चिखलात खुपसलं होतं
आणि उजेड जाईपर्यंत काढलं नव्हतं.

हे सांगायचं राहून गेलं, मी म्हणालो.
ती म्हणाली, "अकरा महिने,"
आणि फेरी धक्क्याला लागायच्या आधीच
पिशवी उचलून पुढे गेली.

पुढची तारीख नऊची.
बोस्त्याव धक्क्यावर छत्री उघडून थांबलाय.
सात कुर्ल्यांचे किती होतात,
मी मनात मोजत उतरतो.