आठ वर्षं लागतेत

बियाण्याच्या कंपनीत मी उगवण मोजते.
ओल्या कागदावर सोयाबीनचे शंभर दाणे, गुंडाळी, आठ दिवस,
मग उलगडून बघायचं: किती सरळ, किती वाकडे,
किती नुसतेच फुगून बसलेले.
शंभरातले सत्तर आले की लॉट पास.
लेकरू मात्र एकच,
आणि कागद आपणच निवडायचा.

जालन्यात शाळांना तोटा नाही.
मोंढ्याकडं एक, जिच्या छतावर सिमेंटचं विमान.
एक बायपासला, एसी बससकट.
एक झेडपीची, घरापासून तीनशे पावलं,
दोनच गुरुजी, पण दोघंही येतात.
आणि ही, कडुलिंबांच्या आत दडलेली,
फादरची शाळा.
पहिली ते आठवी. पुढचं पुढं.

सासूबाई म्हणाल्या, "तिथं टिकली काढायला लावतेत."
भाऊजी म्हणाले, "इंग्रजी पक्की होती, बाकी काय का असंना."
शेजारच्या रुखसानाभाभींचा जुनैद तिथंच सहावीत.
"शिस्त है, भाभी. बूट रोज पॉलिश लगता."
मी कुणालाच विचारलं नव्हतं.

शनिवारी मुलाखत. लेकराची म्हणे,
घाम फुटला नवऱ्याला.
रोलिंग मिलच्या गेटवर दिवसभर ट्रक अडवणारा माणूस
बाकाच्या अगदी टोकाला बसला,
जणू बाकसुद्धा मार्क देणार होता.

मी आधी मुलींचं संडास बघून आले.
कडी लागत होती. पाणी होतं.
मंठ्याच्या आमच्या शाळेत कडी असती
तर पाचवीनंतर आम्ही चौघीच उरलो नसतो.
येताना एक पोरगा वर्गाबाहेर उभा दिसला,
अंगठ्यानं भिंतीचा चुना खरवडत.
तोही बघून घेतला.

सिस्टर कॅरोलिना. करडी साडी, चष्म्याला दोरी.
"घरी कोणती भाषा बोलता?"
नवरा म्हणाला, "हिंदी, इंग्लिश. मिक्स."
देवयानी खुर्चीत पाय हलवत म्हणाली,
"न्हाई, आम्ही असंच बोलताव."
मग भिंतीकडं बोट केलं:
"त्यो माणूस कामून लटकवलाय?"

पंखा तेवढा फिरत राहिला.
मी तिचं बोट माझ्या मुठीत घेतलं.
सिस्टरनं चष्मा काढला, पदरानं पुसला,
आणि ज्या बोलीत माझी आई शेळीला दटावते
त्याच बोलीत म्हणाल्या,
"बाई, ते सांगायला आठ वर्षं लागतेत.
मला तर पन्नाशीत बी नीट सांगता येईना."
मग आमच्याकडं वळून,
"मी वैजापूरकडची. आमच्या गावात
चर्चच्या घंटेचा दोर आन् बैलाचा कासरा
एकच माणूस वळायचा."

नवरा पहिल्यांदा बाकाला टेकून बसला.

जिन्यात पाटी होती: इथे फक्त इंग्रजीत बोला.
त्याच पाटीखालून सिस्टर आम्हाला सोडायला आल्या,
पावसापाण्याचं विचारत, मराठीत.
त्यांनी पाटीकडं बघितलं नाही.
मी बघितलं.
माझ्या लेकीनं कुणाचं ऐकायचं, सिस्टरचं का पाटीचं,
हे विचारायचं गाडीला किक मारल्यावर सुचलं.

फी तीन हप्त्यांत. पहिल्यापुरती भिशी लागेल,
दुसऱ्याचं नवरा ओव्हरटाइमवर ढकलतो,
तिसऱ्याचं आम्ही दोघंही बोलत नाही.

रात्री फॉर्म. नवऱ्यानं आईच्या व्यवसायापुढं
सवयीनं 'गृहिणी' लिहिलं,
माझ्याकडं बघितलं, खोडलं.
फॉर्मवर खाडाखोड चालत नाही म्हणे.
चालवतील.

'मातृभाषा' पाशी त्याचं पेन थांबलं.
देवयानी त्याच्या पाठीवर लोंबकळत होती.
"लिही की, पप्पा. असंच."

बारा तारीख शेवटची.
फॉर्म फ्रिजवर आहे, फोटो काढायचा राहिलाय,
तिनं स्वतःच कात्रीनं कापलेली बट
जरा वाढू द्यावी म्हणतो.
मी झोपताना हिशेब केला:
सोमवारी लॅबमध्ये गुंडाळी उलगडायची आहे.
अंधारात शेजारून आवाज आला,
"आई, त्यो माणूस रात्रीला बी तिथंच राहतो?"