दीड तासाचं जहाज

मोठ्या जहाजाचा फॉर्म आपण तीन रात्री भरत होतो.
प्रवासी क्रमांक तीनचं प्रवासी क्रमांक एकशी नातं:
खाली सरकणारी यादी.
पती, पत्नी, मूल, पालक, भावंड, इतर.
तू म्हणालीस, भावंड टाक गं, कोण बघतंय.
मी म्हटलं, बारा वर्षं झाली, आता बहीण नाही व्हायचं मला.
इतर टाकलं.
तर केबिनच वेगळी आली.
तू आणि कुहू आठव्या मजल्यावर, खिडकीत समुद्र.
इतर पाचव्यावर, बिनखिडकीची,
आणि पैसे जवळजवळ तेवढेच.

लॅपटॉप मिटवलास. भांडी घासायला गेलीस,
गरज नसताना.

हेरंबचा फोन आला तो त्याच आठवड्यात.
ऐरोलीला खाडीत बोट असते म्हणाला, भरतीच्या वेळेला सुटते.
लाइफ जॅकेटचा साइज सोडून
कुणी काही विचारत नाही.

रविवारी सकाळी सहा पन्नासची भरती.
सीवूड्सहून आपण तिघी, डोळे चोळत,
ठाण्याहून ते तिघे:
हेरंब, डेन्झिल, आणि विहंग,
ज्याच्या कागदावर एकच बाप आहे
आणि घरी डबा भरणारा दुसरा.
डेन्झिलने अकरा सँडविच आणली होती. अकरा का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

सुकाणूवर दिव्याचे मढवी नाना.
जॅकेटचे पट्टे ओढता ओढता त्यांनी विचारलं,
ह्या पोरीची आयस कंची?
माझ्या पोटात तो जुना खड्डा पडला,
वाशीच्या हॉस्पिटलातला, डेंग्यूच्या रात्रीचा,
जेव्हा काचेच्या दाराशी सिस्टर म्हणाली होती, फक्त आईवडील,
आणि मी पहाटेपर्यंत बाकड्यावर
कुहूचा एक सँडल हातात धरून बसले होते.
कुहू म्हणाली, दोघी.
नानांनी पट्टा खाटकन लावला.
बरा. मंग दोघींनी धरा तिला. वलनाव होरी कलते.

शेजारच्या बाईंनी मात्र कॅमेऱ्याची बॅग
आपल्या नवऱ्याच्या पलीकडे नेऊन ठेवली.
मी पाहिलं. तूही पाहिलंस.
तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली,
बोटं वर करून वर्गात बसलेल्या मुलांसारखी,
आणि कुणी त्यांना काही विचारत नव्हतं.

मग एकदम ते. अग्निपंख.
पुलाच्या सावलीपलीकडे गुलाबी गर्दी,
माना उलट्या, चोची चिखलात,
सगळे नाश्त्याला बसलेले.
माइकवाली मुलगी सांगत होती,
पिल्लू करडं असतं. नर आणि मादी,
दोघांच्याही गळ्यात दूध तयार होतं,
आणि भरवता भरवता
त्यांचा रंग उतरत जातो, फिके पडतात.
हेरंबने डेन्झिलच्या टकलाकडे बघितलं.
काही बोलू नकोस, डेन्झिल म्हणाला.
आपण इतक्या हसलो की चार पक्षी उडाले
आणि माइकवालीने शांततेबद्दल विनंती केली.

विहंगला उलटी झाली, सँडविचचीच.
कुहूने आपला रुमाल दिला, मग परत मागितला,
मग नको म्हणाली.

परतताना पाणी उतरू लागलं होतं.
नाना घाईत होते, ओहोटी कुणासाठी थांबत नाही.
कुहू तुझ्या मांडीवर, पाय माझ्या,
झोपेत विचारत होती,
मोठ्या जहाजावर अग्निपंख येतात का?
नाही, तू म्हणालीस.
मग कशाला जायचं, म्हणाली, आणि खरंच झोपली.

खिडकीवर मिळालेल्या पावतीवर
निळ्या पेनाने लिहिलंय: मोठे ४, लहान २.
एवढंच.
ती मी पाकिटात ठेवली आहे, आधार कार्डामागे.

घरी लॅपटॉप उघडला तर पान तिथेच:
सत्र संपले आहे, कृपया पुन्हा सुरुवात करा.
तू म्हणालीस, जाऊ दे ना, आज किती छान झालं.
झालंच.
मला मात्र अजून हवी आहे ती
आठव्या मजल्यावरची खिडकी.